स्लाइड उघडायला जागा : ट्रेलरच्या पॅडच्या नोंदी

१३ जानेवारी २०२४, शनिवार

ट्रेलर, म्हणजे पिकअपमागे ओढून न्यायचं फिरतं घर, ठरला. वापरलेला आहे, पण छप्पर कोरडं आहे आणि फरशी कुठे दबत नाही. एका बाजूला एकच मोठा स्लाइडआउट, म्हणजे थांबल्यावर भिंतीतून बाहेर सरकणारा खोलीचा भाग आहे, त्यात सोफा आणि जेवणाचं टेबल.

हा सगळा खटाटोप बाबांसाठी आहे. मार्चअखेर आई-बाबा साताऱ्याहून इथे अमेरिकेत येतील, सहा महिने राहतील. गुडघ्याच्या ऑपरेशननंतर बाबा वॉकर घेऊन चालतात. मागच्या वेळी मोटेलच्या खोल्यांत त्यांचे फार हाल झाले. कधी बाथटबचा काठ ओलांडता येईना, कधी पलंग उंच, आणि रात्री नवी खोली अंगवळणी पडायच्या आत सकाळी निघायची वेळ. आपली खोली आपल्यासोबत फिरली तर त्यांना हा देश थोडा तरी बघता येईल.

म्हणून आज टेप घेऊन गेले होते. माहितीपत्रकात लांबी २९ फूट ६ इंच, रुंदी ८ फूट आणि उंची जवळपास ११ फूट दिलेली आहे. स्लाइड बाहेर किती येते हे मात्र कुठेच लिहिलेलं नाही, ते स्वतःच मोजलं. स्लाइड आत असताना मधली वाट १८ इंच, बाहेर काढल्यावर ५२ इंच. म्हणजे खोली ३४ इंच सरकते. पण बाहेरून मोजल्यावर आकडा वेगळा आला. स्लाइडच्या डोक्यावर ताडपत्रीची गुंडाळी आहे, तिला टॉपर म्हणतात. ती आणि कडेची पट्टी धरून स्लाइड बंद असतानाही भिंतीपासून ४ इंच पुढे असते. उघडल्यावर सर्वांत बाहेरचं टोक ३८ इंचांवर जातं. यापुढे सगळीकडे ३८ धरायचे.

बाबांचा वॉकर २५ इंच रुंद आहे. स्लाइड उघडली नाही तर तो त्या वाटेत शिरतच नाही, आणि बाथरूम वाटेच्या पलीकडे आहे. म्हणजे आमच्यासाठी स्लाइड उघडणं ही चैन नाही. बाहेर ३८ इंच मिळाले नाहीत तर बाबा आत बाथरूमपर्यंत पोचू शकणार नाहीत.

१५ जानेवारी, सोमवार

संक्रांत. तिळगूळ वाटून झाल्यावर मुलीने विचारलं, ट्रेलर पहिल्यापासूनच रुंद का बनवत नाहीत? प्रश्न बरोबर आहे. इथे मोठ्या महामार्गांवर वाहनाच्या रुंदीची मर्यादा १०२ इंच आहे, म्हणजे साडेआठ फूट. रस्त्यावरून जाताना त्याहून रुंद होता येत नाही, म्हणून थांबल्यावर रुंद व्हायची ही युक्ती. इंडियानातल्या नापनीच्या न्यूमार कंपनीने १९९० साली मोटरहोममध्ये, म्हणजे स्वतःचं इंजिन असलेल्या फिरत्या घरात, स्लाइड आणली आणि पुढे ती सगळीकडे पसरली. आता एकही स्लाइड नसलेला मोठा ट्रेलर शोधावा लागतो. काही ट्रेलरना समोरासमोर दोन स्लाइड असतात. त्यांची ८ फुटांची पेटी उघडल्यावर १४ फुटांची होते. कपाटाच्या छोट्या स्लाइड दीड-दोन फूटच येतात, सोफ्याच्या साधारण तीन फूट, काही साडेतीनच्याही पुढे जातात. त्यामुळे ‘स्लाइडला तीन फूट सोडा’ हा सल्ला ऐकून घ्यावा, पण टेप आपलीच लावावी.

२० जानेवारी, शनिवार

पॅडचं, म्हणजे ट्रेलर उभा करायच्या जागेचं, पहिलं मोजमाप. आमचं घर नॉर्थ कॅरोलायनातल्या रॉली शहराच्या दक्षिणेला, गावाबाहेर आहे. सोसायटीचे नियम नाहीत. काउंटीच्या, म्हणजे इथल्या जिल्ह्याच्या, नियोजन कार्यालयात फोन करून ट्रेलर घराच्या बाजूला उभा करायला हरकत नसल्याचं विचारून घेतलं. तिथल्या बाईंनी एक चांगली गोष्ट सांगितली. शेजाऱ्याच्या हद्दीपासूनचं अंतर मोजताना ट्रेलर बंद असतानाचं नको, उघडलेला धरूनच मोजा. आकडे ज्या त्या गावचे वेगळे असतात, पण मोजायची ही रीत कुठेही लागू पडेल.

रस्त्यावरून बघितलं तर घराच्या उजवीकडे, भिंत ते कुंपण २३ फूट ४ इंच. ट्रेलर मागे घेत आत घालायचा, तोंड रस्त्याकडे. इथे ट्रेलरचं दार उजव्या बाजूला असतं आणि मोठी स्लाइड बहुतेक वेळा डाव्या, म्हणजे ड्रायव्हरच्या बाजूला. त्यामुळे आमचं दार घराकडे येतं आणि स्लाइड कुंपणाकडे. हे आपोआप छान जमलं. घर दुसऱ्या बाजूला असतं तर स्लाइड थेट स्वयंपाकघराच्या खिडकीवर आली असती.

हिशेब असा. ट्रेलर ८ फूट. कुंपणाच्या बाजूला ६ फूट, त्यातले ३८ इंच स्लाइडचे, उरलेल्या ३४ इंचांत माणूस शिडी घेऊन उभा राहू शकतो. दाराकडे उरतात ९ फूट ४ इंच, पण एअर कंडिशनरचं बाहेरचं यंत्र भिंतीपासून ३ फूट पुढे आहे. तिथे ६ फूट ४ इंच राहतात. वॉकर घेतलेल्या माणसाला वळायला पाच फुटांचा गोल मोकळा हवा, तेवढा मिळतो.

कुंपणाकडचे ३४ इंच कमी करून दाराकडे द्यावेत असं नवऱ्याचं म्हणणं होतं. मी नाही म्हटलं. स्लाइडच्या मागे माणूस जाऊ शकला पाहिजे. तिच्या कडेची रबरी पट्टी बघायची असते, छतावरचा पाचोळा झाडायचा असतो, आणि एखाद्या दिवशी स्लाइड अडकलीच तर बाहेरून बघायला जागा लागते. स्लाइड भिंतीला न लागता उघडते एवढ्यावर भागत नाही.

२१ जानेवारी, रविवार

फक्की मारली. शाळेच्या मैदानावर कबड्डीच्या रेषा आखायचे तशीच चुन्याची भुकटी, इथे बागेच्या दुकानात पोत्यात मिळते. आधी बंद ट्रेलरचा चौकोन, मग मागच्या बंपरपासून ८ ते साडेएकोणीस फुटांपर्यंत स्लाइडचा पुढे आलेला तुकडा. मुलगी टेपचं टोक धरून होती. जमिनीवर सगळं बसलं.

संध्याकाळी व्हिडिओ कॉलवर बाबांना दाखवलं. बाबा पाटबंधारे खात्यात ओव्हरसिअर होते, आखणी हा त्यांचा आवडीचा विषय. त्यांनी फोन हळूहळू फिरवायला सांगितला आणि कुंपणाजवळच्या झाडापाशी थांबवलं.

“हे झाड कलतंय का गं आत?”

“थोडं कलतंय, बाबा. पण बुंधा रेघेच्या बाहेर आहे.”

“तुझी खोली जमिनीवरून सरकणार आहे का? वर सरकणार ना? ओळंबा सोडून बघ.”

२७ जानेवारी, शनिवार

ओळंबा सोडला. बाबांचं बरोबर होतं.

झाड स्वीटगमचं आहे. बुंध्याची आतली बाजू कुंपणापासून २ फूट, त्यामुळे जमिनीवर ट्रेलरच्या भिंतीपर्यंत ४ फूट मोकळे दिसतात. स्लाइड मात्र जमिनीपासून अडीच फुटांवर सुरू होते आणि वरची कड ९ फुटांवर असते. त्या उंचीवर खोड २० इंच आत झुकलं आहे. उरले २८ इंच, आणि हवेत ३८. जमिनीवर फक्कीची रेघ बिनचूक होती आणि वर दहा इंच कमी पडत होते.

दोरीला टांगलेल्या लोखंडाच्या एका गोळ्याने हे दाखवून दिलं. ही चूक सहज होण्यासारखी आहे, म्हणून सविस्तर लिहून ठेवते. स्लाइडची जागा ही जमिनीवरची जागा नसते. ती अडीच ते नऊ फुटांच्या पट्ट्यातली हवा असते. त्या पट्ट्यात फांदी, पन्हळ, खिडकीचं छज्जं, दिव्याचा खांब, काहीही येऊ शकतं. उलट जमिनीलगत दीड फुटाचा दगड असला तर स्लाइड त्याच्या वरून निघून जाते. टेप आडवी लावायची ती त्या उंचीवर. शिडीवर चढून.

झाड तोडावं का, यावर घरात चर्चा झाली. मला ते मान्य नाही. शेजारच्या आजोबांच्या पोर्चवर दुपारची सावली त्याचीच पडते. शिवाय दहा इंच मिळवण्यापुरतं खोड तासता येत नसतं. वादळी वाऱ्यात झाड हलतं, त्यासाठी वेगळं अंतर लागतंच. ट्रेलरच पुढेमागे सरकवायचा.

२८ जानेवारी, रविवार

झाड आत्ताच्या आखणीत मागच्या बंपरपासून १६ फुटांवर येतं, म्हणजे स्लाइडच्या ऐन समोर. ट्रेलर ५ फूट मागे नेला तर झाड २१ फुटांवर जाईल. स्लाइड साडेएकोणीसला संपते, मध्ये दीड फूट राहील. मागे सरकायला जागा आहे, पण तिथे सेप्टिक टँकचं शोषक्षेत्र आहे, म्हणजे सांडपाणी जमिनीत जिरवणाऱ्या पाइपांची जागा. काउंटीच्या पर्यावरण आरोग्य विभागाकडून घराच्या सेप्टिक परवान्याचा नकाशा मागवला. पाइपांची पहिली ओळ आत्ताच्या बंपरच्या रेघेपासून ९ फूट मागे आहे. ५ फूट गेले तरी ४ राहतात.

शिवाय ट्रेलरची चाकं मागच्या टोकाला नसतात. आमच्या ट्रेलरची चाकं बंपरच्या ११ फूट पुढे आहेत. म्हणजे वजन शोषक्षेत्रापासून १५ फूट लांब पडणार, मागे फक्त पेटी हवेत जाईल. त्या क्षेत्रावर गाडी घालायची नाही हे इथे सगळ्यांना माहीत असतं. माती दबली की पाइपातलं पाणी जिरत नाही आणि काही दिवसांनी अंगणात वर येतं.

नवी रेघ मारली. पुन्हा ओळंबा. पुन्हा बाबांना फोन. “आता ठीक,” एवढंच म्हणाले, पण चेहऱ्यावर समाधान होतं.

५ फेब्रुवारी, सोमवार

८११ ला फोन केला. खणायच्या आधी हा फोन करायचाच असतो आणि सेवा फुकट आहे. नॉर्थ कॅरोलायनात कामाचे काही दिवस आधी कळवावं लागतं. मग वीज, गॅस, पाण्याच्या कंपन्यांची माणसं येऊन जमिनीवर रंग मारून जातात. लाल म्हणजे वीज, पिवळा गॅस, निळा पाणी, हिरवा सांडपाणी, नारिंगी टेलिफोन आणि इंटरनेट.

९ फेब्रुवारी, शुक्रवार

आमच्या पॅडच्या आडवी एक नारिंगी रेघ आली, इंटरनेटची केबल. हाताने खणून बघितलं तर जेमतेम आठ इंचांवर. कंपनीला कळवलं, ते ती नळीत घालून खाली घेणार. सेप्टिकच्या पाइपावर कुणी रंग मारला नाही, कारण आपल्या मालकीच्या लाइनी ते दाखवत नाहीत. परवान्याचा नकाशा आधी मागवल्याचा उपयोग झाला.

१७ फेब्रुवारी, शनिवार

खोदकाम. ३० फूट लांब, १२ फूट रुंद, ६ इंच खोल. इथली माती तांबडी चिकणमाती आहे. पाऊस पडल्यावर तिचा रंग बघून आईला मामाच्या कोकणातल्या घराचं अंगण आठवतं. पण पाणी जिरवण्याच्या बाबतीत ही माती कोकणासारखी नाही. पाणी धरून ठेवते, आणि ओल्या मातीवर चाक उभं राहिलं की हळूहळू रुततं.

ट्रेलरला रुतणं परवडत नाही, कारण स्लाइडला समपातळी लागते. एक चाक इंचभर खाली गेलं की पेटीची चौकट पिळवटते आणि खोली आपल्या चौकोनी भोकात तिरकी ओढली जाते. दात असलेल्या पट्ट्या आणि त्यांवर फिरणारी चाकं, असा आमच्या स्लाइडचा साधा जुना प्रकार आहे. दणकट असतो, पण तिरकं ओढणं त्यालाही सोसत नाही.

उताराचा विचार दोन दिवस चालला होता. कुंपणाकडे उतार दिला तर पाणी शेजाऱ्यांकडे जातं. मागे दिला तर शोषक्षेत्रावर जातं, तिथे जास्तीचं पाणी नको. म्हणून रस्त्याच्या दिशेने, लांबीत उतार दिला. फुटाला एक अष्टमांश इंच, ३० फुटांत पावणेचार इंच. आडवी पातळी मात्र पूर्ण सपाट. पुढचं तोंड थोडं खाली राहिलं तर जोडणीजवळच्या जॅकने उचलता येतं. एका बाजूचं चाक खाली असेल तर दर वेळी चाकाखाली ठोकळे घालावे लागतात.

२४ फेब्रुवारी, शनिवार

खडीचा ट्रक आला. इथे खडी आणि तिची भुकटी एकत्र मिळते, तिला ‘क्रश अँड रन’ म्हणतात. दाबली की सिमेंटसारखी धरते. हिशेबाने पावणेसात घनयार्ड होत होती, दबून कमी होते म्हणून आठ मागवली. खाली जिओटेक्स्टाइलचं कापड, म्हणजे खडी चिकणमातीत बुडत नाही. मग तीन-तीन इंचांचे दोन थर. भाड्याने आणलेलं प्लेट कॉम्पॅक्टर प्रत्येक थरावर चार वेळा फिरवलं. कोपऱ्यांत यंत्र पोचेना, तिथे हाताने धुमस मारला. हात अजून थरथरताहेत.

चाकं जिथे थांबायला हवीत तिथे ६ इंच जाडीचं, औषध मुरवलेलं लाकूड आडवं पुरलं आणि सळया ठोकून पक्कं केलं. सगळ्या कामात हे लाकूड मला सर्वांत मोलाचं वाटतं. झाड आणि स्लाइड यांच्यात दीड फूट आहे. ट्रेलर मागे घेताना फूटभर इकडेतिकडे झाला तर ते गेलं. आता चाक लाकडाला टेकलं की जागा बरोबर.

२५ फेब्रुवारी, रविवार

आई-बाबांसोबतच्या पहिल्या सहलीसाठी जॉर्डन लेक या तळ्याकाठच्या कॅम्पग्राउंडचं आरक्षण केलं, १९ ते २१ एप्रिल. घरापासून तासाच्या आत. काही चुकलं तर परत येता येईल.

साइट, म्हणजे तिथे ट्रेलर लावायची जागा, निवडायला मात्र पूर्ण दुपार गेली. आरक्षणाच्या पानावर वाहनाची लांबी दिलेली असते. रुंदीचा आकडा सहसा नसतोच. आम्हाला डावीकडे ३८ इंच आणि चालायला तीन फूट हवेत. मध्ये ८ फूट ट्रेलर. उजवीकडे ८ फूट चांदणी, म्हणजे ट्रेलरच्या भिंतीवरून उघडणारं कापडी छत, तिच्याखाली बाबांची खुर्ची. एकूण साधारण सव्वाबावीस फूट. यातले चांदणीचे आठ फूट कमी करता येतात, ती अर्धी उघडली तरी चालते. स्लाइडचे ३८ इंच कमी होत नाहीत. ती बहुतेक पूर्ण बाहेर किंवा पूर्ण आत अशीच ठेवायची असते, अर्ध्यात ठेवली तर कडेची रबरी पट्टी नीट बसत नाही आणि पाऊस आत येतो.

प्रत्येक साइटचे फोटो मोठे करून डावी बाजू बघितली. लोक फोटो काढतात ते तळ्याचे आणि शेकोटीच्या कड्याचे. डावीकडे विजेचा खांब, पाण्याचा नळ आणि झाडं असतात, ती फोटोच्या कडेला अर्धवट दिसतात. शेवटी पार्कच्या कार्यालयात फोन केला. रेंजरने एक साइट सुचवली, डावीकडे मोकळी आणि फारशी उताराची नाही.

२ मार्च, शनिवार

ट्रेलर घरी आला. लाकडापर्यंत मागे घ्यायला अठरा प्रयत्न लागले, पण झाडाला धक्का लागला नाही.

३ मार्च, रविवार

पहिली चाचणी. क्रम फळ्यावर लिहून दाराच्या आत लावला. आधी आडवी पातळी, चाकं अडवायची, मग पिकअपपासून सोडवायचं, जॅकने पुढची पातळी, चार कोपऱ्यांचे आधार टेकवायचे आणि त्यानंतर स्लाइड. कोपऱ्यांचे जॅक फक्त डगमग थांबवायला आहेत, ट्रेलर उचलायला नाहीत. मागचे दोन जॅक खडीच्या बाहेर येतात, तिथे फरसबंदीचे दगड ठेवले.

एक माणूस आत बटणापाशी, एक बाहेर. बाहेरच्याने हात वर केला की थांबायचं. मी बटण दाबलं. खोली निघाली, दीड फूट गेली, मंदावली आणि थांबली.

सगळ्यांचा जीव वर. मुलीने बाहेरून ओरडून सांगितलं की झाड लांब आहे, काहीच लागलेलं नाही. आतही काही अडकलेलं नव्हतं. मग व्होल्टमीटर लावला. बॅटरी ११.८ व्होल्ट. भरलेली १२.६ च्या पुढे हवी. स्लाइडची मोटर सुरू असताना भरपूर करंट ओढते, बॅटरी कमजोर असली की व्होल्टेज पडतं आणि मोटरचा दम जातो. घरातल्या प्लगला अडॅप्टर लावून रात्रभर चार्ज करायचं ठरवलं.

रात्री पाऊस आला तर अर्धवट उघडी स्लाइड भिजेल, म्हणून हाताने आत घ्यायची सोयही शिकून घेतली. मोटरच्या मागच्या टोकाला हँडल बसतं, ते फिरवायचं. वीस मिनिटं फिरवलं. हे हँडल कुठे आहे आणि कसं लागतं हे अंगणातच कळलं ते फार बरं झालं.

४ मार्च, सोमवार

बॅटरी भरली. स्लाइड एका दमात गेली. टॉपरपासून खोडापर्यंत अंतर लांबीच्या दिशेने १७ इंच. ठरवलं होतं १८. कुंपणापर्यंत ३४ इंच, तंतोतंत.

एक गोष्ट नव्याने कळली. स्लाइड बाहेर गेल्यावर सोफा, टेबल आणि ती भिंत, सगळं वजन डावीकडे जातं. ट्रेलर त्या बाजूला किंचित बसतो. पातळीचा बुडबुडा पाव रेघ सरकला. एवढं चालतं. बंद करताना पातळी फार बिघडलेली नाही ना, हे पुन्हा बघायचं.

आत वाट ५२ इंच. वॉकर उसना आणला होता. मी स्वतः तो धरून दारापासून बाथरूमपर्यंत गेले, वळले, परत आले. मग जरा वेळ सोफ्यावर बसून राहिले.

२३ मार्च, शनिवार

पाइनचे परागकण पडताहेत. अंगण, गाडी, स्लाइडचं छत, सगळ्यावर पिवळी पूड. त्यात स्वीटगमची काटेरी बोंडं. ती टॉपरवर पडतात आणि स्लाइड आत घेताना गुंडाळीत जातात, कापडाला भोकं पाडतात. बंद करायच्या आधी शिडी लावून लांब दांड्याच्या झाडूने छत झाडायचं, नियमच केला. कुंपणाकडचे ३४ इंच हट्टाने राखले होते ते यासाठीच. नवरा आज शिडीवरून म्हणाला, “जागा सोडलीस ते बरं केलंस.”

३० मार्च, शनिवार

आई-बाबा आले. विमानतळावरून घरी पोचल्यावर बाबांनी चहाच्या आधी पॅड बघितलं. वॉकर घेऊन खडीवर चालले, खडी हलत नाही हे दोनदा पायाने दाबून पाहिलं. मग ओळंबा मागितला.

९ एप्रिल, मंगळवार

गुढीपाडवा. गुढी घराच्या दाराशी उभारली. दुपारी आईने ट्रेलरमध्ये डबे लावले, स्लाइड उघडी ठेवून. तिने विचारलं, सोफ्याखालच्या कप्प्यात जड काय ठेवायचं? तिथे काहीच जड नको, त्या खोलीचं वजन मोटर ओढते. डाळ-तांदळाचे डबे चाकांच्या वर, मधल्या कपाटात गेले.

दाराशी पायऱ्यांऐवजी तीन फूट रुंद लाकडी चौथरा आणि दोन्ही बाजूंना कठडा केला आहे. बाबा आज तीन वेळा चढले-उतरले.

१९ एप्रिल, शुक्रवार, जॉर्डन लेक

दुपारी पोचलो. साइट रेंजरने सांगितल्यासारखीच मोकळी. मागे घेतलं, पातळी बघितली आणि सोडवायच्या आधी मी डाव्या बाजूने टेप लावली. विजेचा खांब भिंतीपासून ३१ इंचांवर, बरोबर स्लाइडच्या समोर! खांब कमरेइतकाच उंच आहे, पण स्लाइडचा तळ अडीच फुटांवर असतो, त्यामुळे ती त्याच्या डोक्यावरून गेली नसती. सोडवलं नव्हतं म्हणून पाच मिनिटांत काम झालं. साडेतीन फूट पुढे घेतलं, खांब स्लाइडच्या मागे राहिला, वायर आरामात पोचली. सोडवून, जॅक टेकवून मग कळलं असतं तर सगळं उलटं करावं लागलं असतं.

फळ्यावरच्या क्रमात आता पहिली ओळ : डावीकडे ३८ इंच, टेप लावून, उंचीवर. मगच बाकीचं.

वाटेत एक अडचण आली ती नोंदवते. महामार्गावरच्या विश्रांतिस्थळावर थांबलो, पण स्लाइड बंद असताना बाबा आतल्या बाथरूमपर्यंत जाऊ शकत नाहीत, आणि शेजारी दुसरी गाडी उभी असताना तिथे स्लाइड काढणं योग्य नाही. रात्रीपुरतं दुकानाच्या आवारात थांबू देतात तिथेही स्लाइड, चांदणी, जॅक काढू नयेत असा संकेत आहे. बाबांनी विश्रांतिस्थळाचंच स्वच्छतागृह वापरलं, ते सोयीचं होतं. पण लांबच्या प्रवासाचा मार्ग ठरवताना थांबे याच हिशेबाने निवडायचे.

२० एप्रिल, शनिवार

सकाळी तळ्यावर दोन बाल्ड ईगल दिसले. बाबांना धरणाबद्दल सगळं जाणून घ्यायचं होतं. जवळपास १४ हजार एकरांचा हा जलाशय आर्मी कोअर ऑफ इंजिनिअर्सने बांधला आणि १९८० च्या दशकाच्या सुरुवातीला भरला. रेंजरशी त्यांचं अर्धा तास बोलणं चाललं. सांडवा, गाळ, पूरनियंत्रण. मी मधे भाषांतर करत होते आणि बऱ्याच शब्दांना मला मराठी आठवत नव्हतं, ते बाबांनी पुरवले.

रात्री दोनच्या सुमारास वॉकरचा आवाज आला. उठायला गेले तर आईने हात धरून थांबवलं. बाबा एकटेच बाथरूमपर्यंत गेले आणि परत येऊन झोपले.

२१ एप्रिल, रविवार

निघताना छत झाडलं. टॉपरच्या मधोमध पावसाचं पाणी साचलं होतं, ते आधी काढलं. स्लाइड आत घेण्याआधी आत फिरून बघितलं. टेबलाखाली मुलीची चप्पल आणि कपाटाचं उघडं दार. दोन्ही आवरल्यावर बटण दाबलं.

घरी लाकडाला चाक टेकवायला या वेळी तीन प्रयत्न.

४ मे, शनिवार

जूनसाठी ओरेगन इनलेटच्या कॅम्पग्राउंडचं बघते आहे, आमच्याच राज्यात, समुद्रकिनाऱ्यालगत. तिथे झाडं नाहीत, त्यामुळे डावीकडची काळजी कमी. पण उघड्यावर वारा असतो, आणि जोराच्या वाऱ्यात टॉपरचं कापड रात्रभर फडफडतं, फाटूही शकतं. ट्रेलरचं तोंड वाऱ्याकडे येईल अशी साइट मिळते का, हे विचारायला सोमवारी फोन करायचा. बाबांनी विचारलं आहे, तिथे वाळूवर जॅक रुततात का. लाकडी फळ्यांचे दोन जोड कापून ठेवले, आणखी दोन कापायचे आहेत.